एम्बेडेड लिनक्सवर सीरियल पोर्ट ऐकतो पण बोलत नाही: टीएक्स नक्की कुठे अडतं?

निळी_वायर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

नव्या बोर्डावरचा एक यूआर्ट (सीरियल पोर्ट चालवणारा चिपमधला भाग; टीएक्स त्याची पाठवायची पिन, आरएक्स घ्यायची) अडून बसलाय. एआरएम प्रोसेसरचं तयार मॉड्युल आहे, यूआर्ट ८२५० घराण्यातला, लिनक्समध्ये टीटीवायएस२ म्हणून दिसतो. पलीकडे एक छोटा मायक्रोकंट्रोलर आहे, तो दर सेकंदाला एक ओळ पाठवतो आणि ती ओळ आम्हाला व्यवस्थित मिळते, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. पण आम्ही पाठवलेलं काहीही त्याच्यापर्यंत जात नाही. दोन्हीकडे ११५२०० बॉड, ८एन१ (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट). टीएक्स पिनवर मल्टीमीटर लावला की ३.३ व्होल्ट, आणि काहीही पाठवा, आकडा ढिम्म हलत नाही.

प्रोग्रॅम कसलीही एरर देत नाही. राइट कॉल जेवढे बाइट दिले तेवढे गेले म्हणून सांगतो. दुसरा बोर्ड लावून बघितला, तिथेही तेच, त्यामुळे सोल्डरिंगचा दोष वाटत नाही. अजून एक विचित्र गोष्ट, मॉड्युलबरोबर आलेल्या जुन्या इमेजवर हाच पोर्ट बोलत होता. कर्नल नवा घेतला आणि हा मुका झाला.

प्रश्न दोन आहेत. हा पोर्ट का बोलत नाही, हा पहिला. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: अशा वेळी शोधायची रीत काय? कुठेही विचारलं की कुणी म्हणतं फ्लो कंट्रोल बंद कर, कुणी म्हणतं वायर उलटी आहे, कुणी म्हणतं डिव्हाइस ट्री (बोर्डावर कुठे काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) बघ. सगळं खरं असू शकतं, पण आधी काय बघायचं आणि त्यातून काय बाद होतं, हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी त्यावर लिहावं ही विनंती.

रात्रपाळी

टीएक्स टीएक्सला आणि आरएक्स आरएक्सला जोडलंय का? दहातल्या निम्म्या वेळा तेच निघतं.

निळी_वायर

नाही हो, आरएक्स येतंय म्हणजे निदान ती बाजू तरी बरोबर आहे. टीएक्सचा ट्रेस मॉड्युलच्या पिनपासून मायक्रोकंट्रोलरच्या पिनपर्यंत कंटिन्युइटी लावून बघितलाय, मधे काही नाही, थेट जातो.

खटपट्या

ताई, मिनीकॉम (सीरियल टर्मिनलचा प्रोग्रॅम) वापरताय का? असाल तर कंट्रोल-ए, मग ओ, सीरियल पोर्ट सेटअपमध्ये जा आणि एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल 'नो' करा. त्याचं डीफॉल्ट बहुतेक वेळा 'यस' असतं आणि तीन वायरींच्या जोडणीत सीटीएस (पलीकडच्याचा 'आता पाठव' सिग्नल) कुणी देतच नाही, त्यामुळे कर्नल पलीकडच्याची परवानगी येईल म्हणून वाट बघत बसतो. आरएक्सला त्याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून ऐकू येतं आणि बोलता येत नाही, अगदी तुमच्यासारखंच. पिकोकॉममध्ये ही भानगड नाही, तिथे फ्लो कंट्रोल आपण मागितलं तरच लागतं.

आणि एक, हे सेटिंग पोर्टला चिकटून राहतं. एखाद्या प्रोग्रॅमने चालू करून ठेवलं आणि पोर्ट बंद केला, तरी पुढच्याने उघडल्यावर ते तसंच असू शकतं. म्हणून एसटीटीवायने पोर्टचं सगळं सेटिंग छापून बघा, त्यात सीआरटीएससीटीएस (हार्डवेअर फ्लो कंट्रोलचं नाव) दिसलं आणि त्याच्या आधी उणे चिन्ह नसलं तर ते चालू आहे.

मिनीकॉमच्या त्या एफने जितक्यांची झोप उडवलीय तितकी डासांनीही उडवली नसेल :)

जुनंखोड

खटपट्या म्हणतोय ते कारण खूप वेळा निघतं, पण धागाकर्तीने कारण नाही, रीत विचारलीय. तर थोडं सविस्तर लिहितो.

बाइट आपल्या प्रोग्रॅममधून निघाला की त्याचे मुक्काम ठरलेले असतात. प्रोग्रॅम, मग कर्नलचा बफर, मग यूआर्टची फिफो (आतली छोटी रांग), मग चिपची पिन, मग मधे काही लेव्हल शिफ्टर किंवा ट्रान्सीव्हर असेल तर तो, आणि शेवटी पलीकडची आरएक्स पिन. घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं तर प्रत्येक मुक्कामावर साक्षीदार कोण ते माहीत पाहिजे. एवढं कळलं की तुक्के आपोआप बंद होतात.

पहिली गोष्ट, राइट यशस्वी झाला याचा अर्थ बाइट कर्नलच्या बफरात पडले, बस. ते तारेवर गेले असं राइट कधीच म्हणत नाही. त्या बफराचा आकार एका पेजचा असतो, बहुतेक ठिकाणी ४०९६ बाइट. म्हणजे पोर्ट पूर्ण मेलेला असला तरी तुमचा प्रोग्रॅम साधारण चार हजार बाइट खुशाल 'पाठवेल' आणि त्यानंतर अडकेल. छोटे छोटे संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला हे कळायला बराच वेळ जातो. बफरात किती उरलंय ते टीआयओसीआउटक्यू या आयओसीटीएलने विचारता येतं.

दुसरा साक्षीदार सगळ्यात उपयोगाचा आणि त्याच्याकडेच लोक सगळ्यात कमी बघतात. रूट होऊन /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सीरियल ही फाइल छापा. प्रत्येक पोर्टची एक ओळ असते, त्यात यूआर्टचा प्रकार, पत्ता, आयआरक्यू, मग टीएक्स आणि आरएक्सचे आकडे, आणि शेवटी आरटीएस, सीटीएस, डीटीआर यांपैकी जे सिग्नल वर आहेत त्यांची नावं. (८२५० सोडून इतर ड्रायव्हर असेल तर याच फोल्डरमध्ये त्याच्या नावाची वेगळी फाइल मिळते.) पाच अक्षरं पाठवा आणि परत छापा. टीएक्सचा आकडा वाढला की नाही, एवढं सांगा. इथून दोन वेगळ्या वाटा फुटतात आणि एकीवर असताना दुसरीकडे बघायची गरज नसते.

अबोली

जुनंखोड काका, नेमकं बोललात. यात एक भर घालते, ज्यांचा आकडा वाढत नाही त्यांच्यासाठी. एको वापरून पोर्टवर एक शब्द पाठवा आणि प्रॉम्प्ट परत यायला किती वेळ लागतो ते बघा. लगेच आला तर ठीक. पण बरोबर अर्धा मिनिट थांबून आला, तर डेटा बफरात अडकलाय हे नक्की समजा. पोर्ट बंद करताना कर्नल उरलेला डेटा बाहेर जायची वाट बघतो आणि त्या वाट बघण्याची डीफॉल्ट मुदत ३० सेकंद आहे. सेटसीरियलमध्ये ती क्लोजिंग वेट म्हणून दिसते, शतांश सेकंदात, ३०००.

माझ्याकडे हे असं झालं होतं तेव्हा त्या ओळीत आरटीएस आणि डीटीआर होते, सीटीएसचा पत्ता नव्हता, आणि एसटीटीवायमध्ये सीआरटीएससीटीएस चालू. दोन्ही एकत्र दिसलं की पुढे शोधायचं काही राहत नाही.

निळी_वायर

आकडा वाढतोय! पाच अक्षरं पाठवली, टीएक्स पाचने वाढला (एकोचं न्यूलाइन बंद ठेवलं होतं). प्रॉम्प्ट लगेच परत येतो. सीआरटीएससीटीएसच्या आधी उणे चिन्ह आहे, म्हणजे फ्लो कंट्रोल बंद. खटपट्या, तुमची वाट इथे बंद झाली, पण लिहिलंत ते आमच्या दुसऱ्या एका उपकरणाला लागू पडेल असं वाटतंय, उद्या बघते.

रात्रपाळी

मग डेटा गेलाय की, पलीकडचा मायक्रोकंट्रोलर वाचत नसेल.

जुनंखोड

नाही रे, इथे घाई नको. तो आकडा ड्रायव्हर वाढवतो, पिन नाही. ड्रायव्हरने बाइट फिफोच्या रजिस्टरमध्ये लिहिला की त्याच्या लेखी काम झालं. डीएमए (सीपीयूला मधे न घेता डेटा हलवणं) असेल तर डीएमए पूर्ण झाल्यावर वाढवतो. त्यापुढे चिपच्या आतून बाहेरच्या पायापर्यंत तो पोचला का, हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नाही. आणि धागाकर्तीने पिनवर मीटर लावून सांगितलंय की हलत नाही.

म्हणून आता प्रश्न अर्धा झाला. फिफोच्या अलीकडचं सगळं बाद: परवानग्या, फ्लो कंट्रोल, इंटरप्ट, कुणी दुसऱ्याने पोर्ट धरून ठेवणं, सगळं. उरलं फिफो ते पिन.

सोल्डरधूर

मीटरवर विसंबून 'हलत नाही' म्हणू नका. ११५२०० ला एक बिट ८.६८ मायक्रोसेकंदाचा, पाच अक्षरं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत संपतात, मीटरला ते दिसणारच नाही, त्याचा आकडा ३.३ च राहणार. स्कोप लावा.

स्कोप नसेल तर एक सोपी युक्ती. कॅपिटल यू हे अक्षर सलग पाठवत राहा, 'यस यू' या कमांडचं आउटपुट टीआर कमांडमधून नेऊन न्यूलाइन उडवा आणि पोर्टवर सोडा. यू म्हणजे ०एक्स५५, बिट एकाआड एक. स्टार्ट बिट शून्य, मग एक-शून्य-एक-शून्य, शेवटी स्टॉप बिट एक, म्हणजे दहा बिटांत पाच वर आणि पाच खाली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवलात तर तो सरासरी दाखवतो, ३.३ च्या निम्मी, १.६५ च्या आसपास. तसं दिसलं तर पिन बोलतेय आणि रात्रपाळीचं म्हणणं बरोबर. ३.३ च राहिलं तर पिन खरंच गप्प आहे. स्कोप असेल तर हीच यू ची माळ ५७.६ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिसते, म्हणजे बॉड रेट बरोबर आहे का तेही त्याच वेळी कळतं. ९६०० ला ४८०० हर्ट्झ.

आणि मापन मॉड्युलच्या पिनवरच घ्या, पलीकडच्या टोकाला नको. मधे आठ चॅनेलचा लेव्हल शिफ्टर असतो अशा बोर्डांवर त्याची ओई (आउटपुट चालू करायची) पिन खाली राहिलेली किती वेळा बघितलीय, आउटपुट तरंगत राहतं आणि लोक कर्नल धुंडाळत बसतात. तसंच आरएस-२३२ च्या चिपचं. ज्यांना शटडाउन किंवा फोर्सऑफ पिन असते त्यांत ती पिन चुकीच्या पातळीवर असली की ट्रान्समीटर बंद. आरएस-२३२ ची विश्रांतीतली लाइन उणे व्होल्टेजवर असते, तिथे शून्याच्या आसपास दिसलं तर चिप झोपलीय.

तिरकीरेघ

वाचतोय. थोडं अवांतर विचारू का? माझ्याकडे उलटंच आहे. बूट होताना कर्नलचे सगळे संदेश सीरियलवर छान येतात, पण लॉगिन प्रॉम्प्ट येत नाही, आला तर तुटक तुटक येतो. पोर्ट तोच, वायर तीच. मग टीएक्स चालतंय म्हणायचं की नाही?

कर्नलकाकू

तिरकीरेघ, चालतंय पण दोन वेगळ्या वाटांनी, आणि त्यातली एकच चालतेय. कर्नलचा कन्सोल बहुतेक सीरियल ड्रायव्हरमध्ये पोलिंगने लिहितो, अक्षर टाकायचं, स्टेटस रजिस्टर बघत थांबायचं, पुढचं टाकायचं. इंटरप्ट लागत नाही. लॉगिन मात्र युजरस्पेसमधून येतं आणि ते इंटरप्टच्या किंवा डीएमएच्या भरवशावर जातं. म्हणून संदेश येतात आणि लॉगिन नाही, हे लक्षण दिसलं की /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये त्या यूआर्टची ओळ बघ. काही पाठवल्यावर तिथला आकडा हलत नसेल तर डिव्हाइस ट्रीमधला इंटरप्ट नंबर किंवा ट्रिगरचा प्रकार चुकलाय. सेटसीरियलने आयआरक्यू शून्य केलास की ८२५० ड्रायव्हर टायमरवर पोलिंग करायला लागतो. तसं करून लॉगिन आलं, भले हळू येईना का, तर दोष इंटरप्टचाच. इंटरप्ट ठीक असेल तर मग सीटीएस आणि डीएमए हे दोन संशयित उरतात. डीएमए तपासायला नोडमधल्या डीएमएच्या ओळी काढून एकदा बूट करून बघ.

तिरकीरेघ

काकू, इंटरप्टचा आकडा शून्यावरच आहे! डेटाशीट काढतो. धन्यवाद.

बाराखडी

मी पण माझं एक सांगतो. आमचा पोर्ट सुरुवातीला मस्त चालायचा आणि कधीतरी मधेच बोलायचा बंद व्हायचा, आरएक्स चालू. रीबूट केलं की परत ठीक. पलीकडचं उपकरण बायनरी पाठवत होतं आणि आमच्याकडे आयएक्सऑन (सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल) चालू होतं. बायनरीत ०एक्स१३ हा बाइट आला की कर्नल त्याला एक्सऑफ समजतो आणि पाठवणं थांबवतो, ०एक्स११ येईपर्यंत. मापनाचा आकडा योगायोगाने १९ झाला की आमचा पोर्ट मुका. पोर्ट रॉ मोडमध्ये (बाइट जसेच्या तसे) टाकला आणि प्रश्न कायमचा गेला. बायनरी प्रोटोकॉल असेल तर रॉ मोडशिवाय पोर्ट उघडूच नये असं माझं ठाम मत आहे.

खटपट्या

बाराखडी, हे भारी आहे, मापन १९ झालं की मुका :) वाचनखूण साठवलीय.

निळी_वायर

सोल्डरधूर, यू ची माळ सोडली, मीटर मॉड्युलच्या पिनवर, ३.३ च. नंतर ऑफिसातला स्कोप पण मिळाला, सरळ रेघ, एक खड्डा नाही. त्याच वेळी /प्रॉक मधला टीएक्सचा आकडा धावत होता. म्हणजे ड्रायव्हर म्हणतो पाठवतोय, पिन म्हणते मला काही माहीत नाही.

जुनंखोड

छान. आता ब्रेक पाठवून बघ. ब्रेक म्हणजे टीएक्स लाइन मुद्दाम खाली धरून ठेवणं. ८२५० प्रकारच्या यूआर्टमध्ये त्यासाठी लाइन कंट्रोल रजिस्टरचा एक बिट असतो, ०एक्स४०. तो लावला की यूआर्टचं आउटपुट थेट शून्यावर जातं, फिफो, इंटरप्ट, सीटीएस कुणाचाही संबंध येत नाही. पायथनच्या पायसीरियलमध्ये पोर्ट उघडून ब्रेक कंडिशन ट्रू करायची आणि मीटरकडे बघायचं. मीटरलाही हे दिसतं कारण ते सतत खाली राहतं.

पिन खाली आली तर यूआर्ट ते पिन वाट मोकळी आहे आणि मला माझं वरचं बोलणं मागे घ्यावं लागेल. खाली नाही आली तर यूआर्टचं आउटपुट त्या पिनला जोडलेलंच नाही.

निळी_वायर

नाही आली. ३.३.

सोल्डरधूर

दोन बोर्डांवर तीच पिन जळलेली असणं अवघड. पण बाहेरून कुणी वर ओढून धरलंय का? मायक्रोकंट्रोलरची पिन आउटपुट झाली असेल तर दोन आउटपुट एकमेकांशी भांडत असतील. मधला ० ओहमचा रेझिस्टर असेल तर काढा आणि मॉड्युलची बाजू एकटी मोजा. मी तरी हार्डवेअर इतक्यात सोडणार नाही.

निळी_वायर

रेझिस्टर आहे, काढला. मॉड्युलची बाजू एकटीच ३.३ दाखवते. हलकासा पुल-अप असेल म्हणून १ किलोओहमने ग्राउंडला ओढून बघितलं, जेमतेम हलली. म्हणजे आतून कुणीतरी जोर लावून वर धरून बसलंय.

सोल्डरधूर

मग मी सोडलं. १ किलोओहमला दाद देत नाही म्हणजे ते पुल-अप नाही, आउटपुट ड्रायव्हर आहे. काकूंचा प्रांत.

कर्नलकाकू

हो, आता हे पिनमक्सचं प्रकरण आहे. एकाच पायावर चिपच्या आतली चार-पाच कामं येऊ शकतात, यूआर्ट, जीपीआयओ (प्रोग्रॅमने वर-खाली करायची साधी पिन), एसपीआय वगैरे, आणि त्यातलं कोणतं जोडायचं ते पिन कंट्रोलर ठरवतो. डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलं म्हणजे तसं झालंच असं धरू नका, चालू कर्नलला विचारा. डीबगएफएस माउंट करून /सिस/कर्नल/डीबग/पिनकंट्रोल खाली तुमच्या कंट्रोलरच्या फोल्डरमध्ये पिनमक्स-पिन्स नावाची फाइल आहे. त्यात टीएक्स आणि आरएक्स दोन्ही पिनांच्या ओळी शोधा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. सोबत /सिस/कर्नल/डीबग/जीपीआयओ पण छापा. नुसती यूआर्टची ओळ बघून थांबू नका, फरक दोन ओळींमध्ये असेल.

निळी_वायर

काकू!! सापडलं.

आरएक्सच्या ओळीत सीरियलचं नाव आहे आणि पुढे कंसात 'जीपीआयओ अनक्लेम्ड'. टीएक्सच्या ओळीत पण सीरियलचंच नाव आहे, फंक्शन यूआर्टच लिहिलंय, पण 'अनक्लेम्ड'च्या जागी एक जीपीआयओ नंबर आहे. तोच नंबर दुसऱ्या फाइलमध्ये शोधला तर समोर लिहिलंय 'व्हीसीसी-मोडेम', आउट, हाय.

आमच्या बोर्डावर मोडेमच नाही! आमची डिव्हाइस ट्री मॉड्युलवाल्यांच्या फाइलवर बेतलेली आहे, त्यांच्या डेमो बोर्डावर मोडेमची पॉवर याच पिनवरून चालू होते, आणि तो फिक्स्ड रेग्युलेटरचा नोड (ती पॉवर चालू करायची नोंद) त्या फाइलमधून आमच्याकडे आलाय, वर 'ऑलवेज ऑन' लिहिलेलं. म्हणजे बूट झाल्या झाल्या तो पिन वर करतो आणि तशीच धरतो.

एक समजलं नाही. दोघं एकाच पिनवर हक्क सांगतायत तर कर्नलने भांडण का नाही लावलं? आणि जुन्या इमेजवर कसं चालत होतं?

कर्नलकाकू

दोन यूआर्टांनी एकच पिन मागितली असती तर कर्नलने दुसऱ्याला अडवलं असतं, 'पिन ऑलरेडी रिक्वेस्टेड' असा संदेश डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) दिसतो. पण एकीकडे फंक्शन आणि दुसरीकडे जीपीआयओ असेल तर ते पिन कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. त्या ड्रायव्हरमध्ये 'स्ट्रिक्ट' हा झेंडा लावलेला असेल तरच दोन्ही एकत्र नाकारले जातात. तो नसेल तर दोघांनाही होकार मिळतो, कुणालाच एरर नाही. आणि काही चिपांमध्ये जीपीआयओची दिशा आउटपुट केली की ड्रायव्हर त्या पिनचा मक्स जीपीआयओकडे फिरवून टाकतो. तुझी फाइल फंक्शन यूआर्ट दाखवते कारण ती कर्नलची वही आहे, रजिस्टरमध्ये काय आहे ते ती वाचत नाही.

आता जुनी इमेज. अशा स्थितीत जो शेवटी येतो तो जिंकतो. सीरियलचा ड्रायव्हर रेग्युलेटरनंतर आला तर पिन यूआर्टची, आधी आला तर मोडेमची. ड्रायव्हर कुठल्या क्रमाने उभे राहतात ते कर्नल बदलला की बदलू शकतं, ड्रायव्हर मॉड्युल म्हणून बांधला की बिल्ट-इन यावरही बदलतं. जुनी इमेज बरोबर नव्हती, तिच्यातही हाच दोष असणार, फक्त क्रम सोयीचा होता. त्यामुळे 'आधी चालायचं' म्हणून नव्या कर्नलला दोष द्यायचा नाही, हे मी फार कळकळीने सांगते, कारण लोक तेवढ्यावर कर्नल मागे नेतात आणि तीच भानगड वर्षभराने पुन्हा उभी राहते.

खात्री करायची असेल तर काही न बदलता सीरियल ड्रायव्हरला त्या यूआर्टपासून अनबाइंड करून परत बाइंड कर, /सिस/बस/प्लॅटफॉर्म/ड्रायव्हर्स खालून. परत बाइंड होताना पिनचं सेटिंग नव्याने लागतं आणि या वेळी सीरियल शेवटचा असेल.

निळी_वायर

केलं. अनबाइंड, बाइंड, यू ची माळ, आणि स्कोपवर चौकोनी लाटा. अक्षरशः ओरडले मी ऑफिसात.

नंतर आमच्या बोर्डाच्या फाइलमध्ये तो रेग्युलेटर डिलीट-नोडने काढला, बिल्ड केलं, फ्लॅश केलं, रीबूट. पोर्ट पहिल्यापासून बोलतोय, मायक्रोकंट्रोलर उत्तर देतोय. त्याच फाइलमध्ये डेमो बोर्डाचे अजून बरेच नोड आहेत, एलईडी, बटणं, बॅकलाइट, ते सगळे आता आमच्या सर्किटशी ताडून बघणार.

जुनंखोड

अभिनंदन! ताडून बघताना सोर्स फाइल नको, चालू सिस्टिमची ट्री घे. डीटीसीला इनपुट म्हणून /प्रॉक/डिव्हाइस-ट्री दिलं की तो ती वाचता येईल अशी उलगडून देतो. इन्क्लुडच्या आत इन्क्लुड असले की सोर्समध्ये काय शेवटी उरलं ते नजरेने कळत नाही, आणि बूटलोडरने काही बदललं असेल तर तेही तिथेच दिसतं.

रात्रपाळी

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, तिथे पण पिन कुणाची हाच घोळ असतो. पाय ३ (२०१६) आणि पाय ४ मध्ये मोठा पीएल०११ यूआर्ट ब्लूटूथला दिलाय आणि १४, १५ नंबरच्या जीपीआयओवर मिनी यूआर्ट येतो. टीटीवायएएमए० वर लिहिलं तर पिनवर काही दिसत नाही, डेटा ब्लूटूथ चिपला जातो. सीरियल० या नावाने पोर्ट उघडा, ते बरोबर यूआर्टकडे बोट दाखवतं.

चौथीपिन

उशिरा येतोय. पिन बोलतेय, तरी पलीकडे पोचत नाही असं असेल तर? माझं आरएस-४८५ आहे, ९६००, मॉडबस. डीई पिन (ट्रान्समीटर चालू करणारी) आमचा प्रोग्रॅम जीपीआयओने वर करतो, राइट करतो, टीसीड्रेन करतो (सगळं बाहेर जाईपर्यंत थांबतो), खाली करतो. कधी उत्तर येतं, कधी नाही. स्कोपवर शेवटचा बाइट अर्धवट कापलेला दिसतो.

अबोली

चौथीपिन, टीसीड्रेन परत आला तरी शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून पूर्ण बाहेर पडलाय याची हमी सगळ्या ड्रायव्हरांत सारखी नसते. उलट बाजूही आहे, प्रोग्रॅमला सीपीयू मिळायला उशीर झाला की डीई वरच राहते आणि तोवर पलीकडचं उत्तर सुरू होतं. ९६०० ला एक बाइट साधारण १.०४ मिलिसेकंदाचा, एवढ्या फटीत युजरस्पेसने पिन हलवायची म्हणजे खेळच आहे. ते काम कर्नलला द्या. डिव्हाइस ट्रीमध्ये 'आरएस४८५ एनेबल्ड अॅट बूट टाइम' ची ओळ घाला, डीई आरटीएसवर असेल तर तसं, नाहीतर आरटीएस-जीपीआयओज मध्ये पिन द्या. पोलॅरिटी तपासा, अॅक्टिव्ह लो लागतं की हाय. हे तुमच्या यूआर्टच्या ड्रायव्हरला जमतं का ते आधी बघा, सगळ्यांना जमत नाही.

सोल्डरधूर

आणि डीई आणि आरई (रिसीव्हर चालू करणारी पिन) एकत्र बांधलेत का तेही सांगा. एकत्र असतील तर पाठवताना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि टीएक्स तपासायची एक सोपी सोय हातची जाते. आरई कायम खाली बांधलेली असेल तर पाठवलेलं सगळं परत आरएक्सवर येतं. ते आलं म्हणजे ट्रान्सीव्हरपर्यंत सगळं ठीक, मग केबल आणि १२० ओहमची टर्मिनेशन बघायची.

चौथीपिन

एकत्र आहेत. अबोलीताई म्हणतात तसं कर्नलकडे दिलं, प्रोग्रॅममधला जीपीआयओचा सगळा कोड काढून टाकला. डीई आता शेवटच्या स्टॉप बिटनंतर लगेच पडते, स्कोपवर दोन्ही चॅनेल लावून बघितलं. पोलॅरिटी आधी उलटी पडली होती, ती पण तिथेच दिसली. उत्तरं येतायत, रात्रभर चालू ठेवतोय, सकाळी टीएक्स-आरएक्सचे आकडे इथे टाकतो.